कटेवरचे हात

दोर सुटला की त्या क्षणापासून ग्लायडर खाली येऊ लागतं. शांत हवेत आमची 'रोहिणी' सेकंदाला साधारण एक मीटर उतरायची. जमिनीवरच्या विंचनं केबल ओढून हजार फुटांवर नेऊन सोडलं, की पाचएक मिनिटांत चाक पुन्हा गवतावर. मधल्या वेळात वैमानिकाच्या हाती एकच व्यवहार: उंची द्यायची आणि वेग घ्यायचा. उंची वाचवावी म्हणून नाक वर ओढत गेलं तर वेग संपतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि ग्लायडर आधीपेक्षा वेगानं खाली जातं. एनसीसीच्या एअर विंगमधल्या आम्हा पोरांना हे सुरुवातीलाच फळ्यावर शिकवलं गेलं. गणित मी तेव्हाच पाठ केलं. त्यातून निघालेला प्रश्न मात्र सत्तरी ओलांडली तरी सुटलेला नाही. जी वस्तू स्वतःच्या बळावर फक्त खालीच येऊ शकते, ती वर जाते तेव्हा ते करणं कुणाचं?

भौतिकशास्त्रातलं उत्तर सोपं आहे आणि ते पुढं येईलच. मी विचारतो आहे ते आमच्या घरात विचारलं जायचं त्या अर्थानं. आबा माळकरी. आमची जमीन फुरसुंगीला, कालव्याच्या पाण्याखाली, ऊस जास्त. आषाढवारीत ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात आणि हडपसरपर्यंत त्यांची वाट एकच असते. तिथून माउलींची पालखी दिवे घाटाकडं वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडं. त्या फाट्याच्या आसपास ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या घरात देवाविषयीचे प्रश्न पुस्तकातून येत नाहीत, रस्त्यावरून येतात. मी १९७१ च्या उन्हाळ्यात हडपसरच्या ग्लायडिंगच्या मैदानावर जायला लागलो तेव्हा आबांनी मला एवढंच विचारलं होतं, "इंजिन न्हाई म्हंतूस. मंग वर धरतं कोन?"

मी कॉलेजातला मुलगा. पंखाचा आकार, दाबातला फरक, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये झालं कसं धरतं त्ये. म्या कोन धरतं ते इचारलं."

रोहिणी दिसायला साधी होती. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, कापडावर डोप नावाच्या रोगणाचे थर. उन्हात तापली की त्या डोपचा उग्र वास यायचा आणि तो कपड्यांना घरापर्यंत सोबत करायचा. वर छत नाही, समोर एक छोटी पारदर्शक पट्टी वाऱ्यापुरती, आणि शेजारी शेजारी दोन जागा. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम् यांनी तिचा आराखडा केला. ती पहिल्यांदा उडाली १९६१ साली आणि पुढं अशा शंभराहून जास्त रोहिणी बांधल्या गेल्या. खात्यानं आपल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं दिली होती, अश्विनी, भरणी, रोहिणी. नंतर एनसीसीसाठी कानपूरला बनलेलं आर्द्राही त्याच माळेतलं. आबांना हे फार आवडलं होतं. रोहिणी नक्षत्र लागतं ते मेच्या अखेरीस, रान तापून तयार झालेलं असतं तेव्हा. ग्लायडरलाही नेमकं तेच तापलेलं रान लागतं.

या विमानांची आठवण निघाली की लोक आकाशाविषयी विचारतात. माझ्या आठवणीत जास्त भरून आहे ती जमीन. पाच मिनिटांच्या एका उड्डाणासाठी दहा-बारा जणांचे हात लागायचे. पहाटे हँगरमधून रोहिणी ढकलत बाहेर काढायची. जीपनं केबल मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून ओढत आणायची. एकानं आकड्यात कडी अडकवायची, सोडून पाहायची, पुन्हा अडकवायची. एकानं पंखाचं टोक हातात धरून ते समतोल ठेवायचं, कारण खाली एकच चाक आणि घसरपट्टी. धरणारा नसेल तर ग्लायडर एका कुशीवर कललेलं. मग खूण. पलीकडं विंचवाला केबलमधला ढिलेपणा हळूच ओढून घ्यायचा, पुन्हा खूण झाली की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, आणि पंख धरणारा पोरगा चार पावलं पळून हात सोडायचा. विंचवाल्याचं काम फार नाजूक. जोर जास्त झाला तर केबलवर ताण, कमी झाला तर वर जाणाऱ्याचा जीव टांगणीला. आमचा विंचवाला मैदानाच्या त्या टोकाला दिवसभर उन्हात बसायचा आणि मी पाहिलं त्या काळात तो स्वतः कधी रोहिणीत बसला नाही. शेकडो जणांना त्यानं वर पाठवलं असेल.

वर गेल्यावर पहिला धडा हाताचा. नवशिका स्टिक आवळून धरतो. बोटांची पेरं पांढरी होतात, दंड दुखायला लागतो. आमचे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले होते, कमी बोलायचे. एकदा ते म्हणाले, "दोन बोटांनी धर. तू धरलंयस म्हणून ती वर आहे असं वाटतंय का तुला?" मी दोन बोटांवर आलो. रोहिणी सरळ चालत राहिली. उलट आधीपेक्षा सरळ. माझ्या आवळलेल्या हाताची थरथर तिच्यापर्यंत पोचत होती, ती थांबली.

सोलोच्या दिवशी शेजारची जागा रिकामी असते. तिथले पट्टे आवळून बांधतात, नाहीतर ते सैल होऊन स्टिकमध्ये अडकायचे. कंट्रोल दुहेरी असल्यामुळं माझा हात हलला की त्या रिकाम्या जागेपुढची स्टिकही तितकीच हलायची. इतके दिवस प्रशिक्षकांचा हात हलायचा आणि माझी स्टिक त्याप्रमाणं जायची. गुरू गेल्यावर शिष्याजवळ काय राहतं या विषयावर मी नंतर बरीच प्रवचनं ऐकली, काही फार सुंदर होती. मला आठवते ती हलणारी स्टिक.

आता थर्मल. सकाळी नऊ-दहापर्यंत हवा निजलेली असते. मग रान तापतं, पण सगळं सारखं तापत नाही. नांगरून टाकलेली काळी जमीन, मुरूम, कारखान्यांचे पत्रे लवकर तापतात. पाणी दिलेला ऊस थंड राहतो. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन वर सुटते. ती सेकंदाला दोन-तीन मीटरनं वर जात असेल आणि ग्लायडर तिच्यात सेकंदाला एक मीटरनं उतरत असेल, तर ग्लायडर वर जातं. उतरणं थांबलेलं नसतं. आजूबाजूच्या हवेच्या मानानं ते अजूनही उतरतच असतं. फक्त ज्या हवेत ते उतरतं, तीच जास्त वेगानं चढत असते.

हे मला कळलं त्या दुपारी हवेत प्रशिक्षक शेजारी होते. आम्ही काळ्या रानावरून चाललो होतो आणि उजवा पंख खालून कुणीतरी ढकलल्यासारखा उचलला गेला. शिकाऊ हात अशा वेळी आपोआप पंख पुन्हा समतल करायला जातो किंवा डावीकडं, जिकडं ग्लायडर कलंडतंय तिकडं वाहत जातो. थर्मल लागतं ते असं: ते आपल्याला स्वतःपासून बाजूला लोटतं. वर जायचं असेल तर ज्यानं ढकललं त्याच्याकडंच वळावं लागतं, उचललेला पंख जोर लावून खाली दाबत. प्रशिक्षकांनी फक्त उजवीकडं बोट दाखवलं. मी वळलो. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा वर गेला. थोड्या अंतरावर एक घार पंख न हलवता घिरट्या घेत होती, आम्ही तिच्याच वर्तुळात शिरलो. खाली कालव्याची रेघ बारीक होत गेली, दक्षिणेला दिवे घाटाचे डोंगर बसके दिसायला लागले. हजार फुटांवर सोडलेलं ग्लायडर तीन हजारांच्या पुढं गेलं, आणि त्यासाठी मी काही म्हणजे काही केलं नव्हतं, आणि तरी क्षणभर हात ढिला पडला असता तर आम्ही त्या हवेतून बाहेर फेकले गेलो असतो.

भक्तिशास्त्रात यावर जुना वाद आहे. रामानुजांच्या परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकांत दोन मतं पडली. एकाचे मोठे आचार्य वेदान्त देशिक, दुसऱ्याचे पिळ्ळै लोकाचार्य. एक पक्ष म्हणतो, जीवानं वानराच्या पिल्लासारखं आईला धरून ठेवायचं. आई उडी मारते, पण पकड पिल्लाची. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिल्लासारखं काहीच करायचं नाही. आई मानेला धरून नेईल, पिल्लाची पकड हा उलट अडथळाच. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. बरीच वर्षं मी या दोहोंत माझी रोहिणी बसवून पाहिली. ती कुठंच बसेना. स्टिक आवळून धरणारा वानराचं पिल्लू, त्याला तर प्रशिक्षक पहिल्या दिवशीच दोन बोटांवर आणतात. आणि सगळं सोडून बसणारा पाच मिनिटांत जमिनीवर, तेही नीट उतरला तर.

मला जे दिसलं ते असं. थर्मल दगडाला उचलू शकत नाही. वर जाणाऱ्या हवेत दगड टाका, तो तिच्या कितीतरी पट वेगानं खाली येईल. हवा कितीही चढू दे, तिला तो वेग गाठता येणार नाही. ती उचलते ते फक्त जे पुरेसं हळू पडतं त्याला: घार, सावरीची म्हातारी, रोहिणी. रामामृतम् आणि त्यांच्या माणसांनी लाकूड तासून, कापड ताणून, एकेक किलो वजनाचा विचार करून जे साधलं ते एवढंच, की ही वस्तू हळू पडावी. तिला वर नेणारं त्यांनी तिच्यात काहीही ठेवलं नव्हतं. साधना, नामस्मरण, उपास, वारी, रोजचं खरं बोलणं, यांचं काम मला आता असंच वाटतं. त्यांनी कुणी वर जात नाही. त्यांनी माणसाचं पडणं मंद होतं. राग यायचा तो येतोच, पण शब्द बाहेर पडायला उशीर होतो. लोभ सुटतोच, पण हात पुढं जाईपर्यंत विचाराला वेळ मिळतो. त्या मिळालेल्या वेळात कुठून तरी वर जाणारी हवा लागली, तर ती आपल्याला उचलू शकते. ती लागेलच असं साधनेला म्हणता येत नाही. तसं सांगणाऱ्या बुवांवर माझा विश्वास नाही.

म्हणून मला पंढरपूरची मूर्ती वानर आणि मांजर या दोघांपेक्षा खरी वाटते. विठोबाचे हात कटेवर आहेत. त्यानं कुणाला उचलून घेतलेलं नाही आणि त्याला धरून लोंबकळावं असा हातही त्यानं पुढं केलेला नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात या हातांचा अर्थ दिला आहे, की भक्तांसाठी भवसागर एवढाच, कमरेइतका खोल. अर्थ गोड आहे. पण मला भावतं ते त्या हातांचं रिकामं असणं. तो तिथं आहे, आणि त्याच्यापर्यंत चालत जाणं लोकांवर सोपवलेलं आहे. हवाही मला धरत नव्हती. ती तिथं होती आणि चढत होती.

आबा १९८९ साली गेले. त्यांचा प्रश्न "कोण" असा होता, आणि हे सगळं बोलूनही मी "कसं" याच्या फार पुढं गेलेलो नाही, हे मला दिसतं. ते असते तर म्हणाले असते की हात कटेवर असले तरी हात कुणाचे ते सांग. मी नाव घेऊ शकतो, विठ्ठल म्हणू शकतो आणि म्हणतोही. पण काळ्या रानावरच्या त्या हवेला मी विठ्ठल म्हणत नाही. हवा मला ओळखत नव्हती, आणि देवाविषयी जे काही माझ्या मनात आहे त्यात ओळख ही पहिली गोष्ट आहे.

इथंच माझा एक जुना जोडीदार मला अडवतो. तो माझ्याच तुकडीतला, आडनाव 'अ'नं सुरू होणारं. आमच्याहून कितीतरी सफाईनं उडवायचा. त्याचं उतरणं बघायला आम्ही कामं सोडून उभे राहायचो. पण उड्डाणांची यादी अक्षरक्रमानं लागायची. त्याचा नंबर सकाळी, हवा निजलेली असताना. माझा दुपारी, थर्मल सुटल्यावर. शिकायला सकाळची हवाच चांगली, हे खरं. तरीही तो पाच मिनिटांच्या वर कधी राहिला नाही. पुढच्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले, त्यानं कॉलेज सोडलं आणि शेती धरली. आज तो दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जातो, आणि मी कृपेचं नाव काढलं की चिडतो.

"हवा तापली, वर गेली," तो म्हणतो. "त्याला कृपा म्हणालास, तर माझ्या वाट्याला आलेल्या सकाळच्या हवेला काय म्हणशील?"

त्याचा दुसरा मुद्दा याहून कठीण आहे. प्रत्येक थर्मलच्या भोवती हवा खालीही येत असते. जेवढी वर जाते, तिची जागा भरायला तेवढीच दुसरी उतरते. माझ्या बायकोच्या आजारपणात एक सज्जन गृहस्थ घरी येऊन म्हणाले होते, हीसुद्धा त्याचीच कृपा समजा. मी त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला गेलो, पण ते वाक्य मी घरात ठेवून घेतलं नाही. उतरणाऱ्या हवेला मी कृपा म्हणणार नाही. तिचं कारण तेच ऊन आहे हे मला माहीत आहे, तरीही नाही. तिच्यात सापडलं की आम्हाला शिकवलेलं एकच: नाक खाली, वेग वाढवायचा आणि लवकरात लवकर पलीकडं निघायचं. आणि मन मात्र त्या वेळी जिवाच्या आकांतानं नाक वर ओढायला सांगत असतं. त्या महिन्यांत मी जे काही धडपणे केलं ते या एका शिकवणीवर. दवाखान्याच्या वेळा, औषधं, तिच्या उशाशी रात्री हरिपाठ. का, कशासाठी, हे विचारत एका जागी थांबलो नाही. ती बरी झाली. नसती झाली तरी मी हेच लिहिलं असतं, असं मला वाटतं. खात्रीनं कसं सांगू?

जोडीदाराचं मात्र मला पुरतं मान्य करता येत नाही. दुपारच्या हवेवर माझा हक्क नव्हता आणि ती त्याला मिळाली नाही यात त्याचा दोष नव्हता, इथपर्यंत आम्ही एकमताचे. पण यावरून तो कृपाच खोटी ठरवतो तेव्हा मी त्याला मैदानाची आठवण करून देतो. मला त्या हवेपर्यंत कुणी नेलं? पंखाचं टोक धरून पळालेला पोरगा, कडी दोनदा तपासणारा, जीपवाला, उन्हात बसलेला विंचवाला. पहिले हजार फूट माणसांचे होते. हवेनं मला ओळखलं नसेल. यांनी ओळखलं होतं, नावानं हाक मारून. आबांच्या "कोण"चा निदान एक तुकडा इथं आहे असं मी मानतो, आणि वारीत चालणाऱ्याला हे मी सांगायला नको, कारण दिंडीत त्याच्या तहानेची वेळ त्याच्या आधी गावकऱ्यांना माहीत असते. पालखीच्या दिवशी आम्ही हडपसरच्या फाट्यावर पाण्याची पिंपं घेऊन उभे असतो. तो रांगेतून येतो, पाणी पितो, आणि तेवढ्यातही वाद उकरून काढतो.

गेल्या वारीत तो म्हणाला, "माणसांचे हजार फूट मला पण मिळाले होते. त्याच विंचवाल्यानं पाठवलं मला. फरक पडला तो वेळेचा."

बरोबर आहे. पण वेळ हवेनं ठरवली नव्हती. त्याचं नाव सकाळच्या हवेत घातलं होतं ते एका टंकलेल्या कागदानं, आणि तो कागद आठवड्यातून एकदा खालून वर वाचता आला असता.